फोनमधला ‘बायोटार’ आणि खरी जुनी लेन्स: पैसे कशात घालायचे?

विवोच्या एक्स सीरीजच्या बऱ्याच फोनमध्ये पोर्ट्रेट मोड उघडला की झाईसची ‘बायोटार’, ‘सोनार’, ‘प्लानर’ अशी नावं दिसतात. अनेक जण त्यांना नुसते फिल्टर समजतात. पण ही खऱ्या लेन्सची नावं आहेत, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत अशा जुन्या लेन्स नव्याने बनवून विकायचा चांगलाच धंदा उभा राहिलाय. त्यात लोकांचे पैसे बुडालेही आहेत.

मूळ गोष्ट १८४० ची. व्हिएन्नामधले गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी खास पोर्ट्रेटसाठी लेन्स डिझाइन केली. तोवर फोटोसाठी माणसाला काही मिनिटं हलायचं नाही अशी शिक्षा असायची. ही लेन्स कितीतरी जास्त प्रकाश आत घ्यायची, त्यामुळे तो वेळ एकदम खाली आला. मधला चेहरा शार्प, कडा मात्र मऊ आणि मागची पानं गोल फिरल्यासारखी. तेव्हाचा हा दोष आज लोकांना स्टाइल म्हणून हवाय.

लोमोग्राफीने २०१३ मध्ये किकस्टार्टरवर पितळी पेट्झवाल आणली आणि १३ लाख डॉलरपेक्षा जास्त पैसे जमवले. मग मेयर ऑप्टिक गोर्लिट्झ हे जुनं जर्मन नाव पुन्हा आलं. त्यांची ट्रायोप्लान साबणाच्या फुग्यांसारख्या बोकेसाठी प्रसिद्ध. तिथेही लोकांनी आगाऊ पैसे भरले, आणि २०१८ मध्ये ब्रँडची मालक कंपनी दिवाळखोरीत गेली. त्यानंतर दुसऱ्या जर्मन कंपनीने नाव विकत घेतलं, पण जुन्या ग्राहकांची देणी घेतली नाहीत. त्या लेन्स पुन्हा बाजारात आल्या; ज्यांचे पैसे गेले, ते गेलेच. क्राउडफंडिंगचं पान ऑनलाइन दुकानासारखं दिसतं, पण तिथे तुम्ही वस्तू विकत घेत नसता, ती बनवायला पैसे देत असता. हा फरक ‘बॅक धिस प्रोजेक्ट’ दाबण्याआधी डोक्यात हवा.

मी स्वतः वापरली ती हेलिओस ४४-२. ही सोव्हिएत ५८ मिमी एफ/२ लेन्स झाईसच्या बायोटारवरूनच बनवलेली, म्हणजे फोनमधल्या त्या मोडची सख्खी नातेवाईक. एम४२ अडॅप्टर लावून मिररलेसवर बसवली. ऑटोफोकस नाही, हाताने रिंग फिरवायची. एफ/२ वर मैत्रीण थोडी पुढे झुकली तरी डोळा फोकसमधून जातो. (दहापैकी तीन फोटो नीट आले तर खूश व्हायचं.) भोवरा हवा असेल तर माणूस सव्वा-दीड मीटरवर आणि त्याच्या पाच-सहा मीटर मागे झाडी हवी, पानांमधून उजेडाचे ठिपके येणारी. मागे सपाट भिंत असेल तर काहीच दिसत नाही. माझा सेन्सर एपीएस-सी आहे, त्यामुळे भोवरा जिथे सगळ्यात जोरात असतो त्या कडाच कापल्या जातात. फुल फ्रेमवर तो जास्त दिसतो.

फोन हेच सॉफ्टवेअरने करतो: आधी कोणता भाग किती लांब आहे याचा अंदाज, मग मागच्या भागाला कडेकडे आकार बदलत जाणारा ब्लर. इन्स्टाग्रामच्या आकारात मला ते बऱ्याचदा पुरेसं वाटलं. फसतं ते सुटे केस, चष्म्याची काडी आणि जाळीदार ओढणी यांच्याजवळ. खऱ्या लेन्समध्ये अंदाज बांधायचा प्रश्नच येत नाही.

माझं मत विचाराल तर आधी फोनवर हा लूक मनसोक्त वापरा. महिनाभराने कंटाळा आला तर पैसे वाचले. नाही आला आणि मिररलेस हाताशी असेल, तर जुनी हेलिओस घ्या. ती नव्या पेट्झवालपेक्षा बरीच स्वस्त पडते. घेताना मागून टॉर्च मारून आत जाळ्यासारखी बुरशी दिसते का बघा, अॅपर्चरची पाती तेलकट नाहीत ना तेही बघा. आणि मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबतच ठेवा.