चालाही, वजनही उचला

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या राजराजेश्वराला गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी येतं. सुमारे १८ किलोमीटरची वाट, रात्रभराची चाल, अनवाणी पाय आणि खांद्यावर कावड. या वाटेवर पायांना आणि छातीला जेवढं काम पडतं, तेवढंच खांद्याला, पाठीला आणि कमरेलाही पडतं. नुसतं चालण्याची सवय असलेला ओझ्याखाली वाकतो. नुसते दंड फुगवलेला थोड्याच अंतरात धापा टाकू लागतो. आणि ज्यांनी वर्षभर काहीच केलेलं नसतं, त्यांचे पुढचे चार दिवस अंगाला तेल चोळण्यात जातात, हे अकोलेकरांना वेगळं सांगायला नको.

एरवी मात्र आपण हे दोन व्यायाम आपसात वाटून घेतले आहेत. अमरावतीत वडाळी आणि छत्री तलावाच्या बाजूला, अकोल्यात कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पहाटे काका-काकू चालताना दिसतात. वजन उचलणं त्यांना पोरासोरांचं काम वाटतं. पोरं संध्याकाळी जिममध्ये छाती आणि बायसेप्स करतात. तीन जिने चढले की त्यांना दम लागतो. पोलीस भरतीची पोरं रोज पळतात, पण मैदानी चाचणीत १६०० मीटरच्या जोडीला १०० मीटर आणि ७.२६० किलोची गोळाफेकही आहे, हे अनेकांना शेवटच्या महिन्यात आठवतं. मग खांदा दुखावून बसतात.

माझं म्हणणं एवढंच आहे: नव्यानं व्यायाम सुरू करत असाल तर दोन्ही एकाच आठवड्यात बसवा.

"पयून पयून अंगावर मास नाही राह्यत, बापा," असं सांगणारा एक जण प्रत्येक जिममध्ये भेटतो. या भीतीला थोडा आधार आहे. १९८० साली रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकानं दाखवलं की ताकद आणि दमसास दोन्हीचा जोरकस सराव एकत्र केला, तर काही आठवड्यांनी ताकद वाढायची थांबते. पण त्याच्या प्रयोगातली माणसं आठवड्यात पाच दिवस वजनं उचलत होती आणि सहा दिवस दमसासाचा कठीण सराव करत होती, तोही दहा आठवडे. तुम्ही-आम्ही आठवड्यात पाच-सहा वेळा अर्धा-पाऊण तास घाम गाळणारी माणसं. आपल्याला तेवढ्यावर ताकदही येते आणि दमही वाढतो.

आपल्याकडे तर ही फारकत मुळात नव्हतीच. जोर, सपाटे आणि कुस्ती एकाच तालमीत होत. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या चमूनं तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली. वीस सपाटे दमात मारून बघा, मांड्या आधी थकतात की छाती, ते सांगता येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शनही हेच सांगतं. प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण द्यावा. आपण पहिलं वाक्य ऐकतो, दुसरं सोडून देतो. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झडत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. चालण्यानं हृदय सांभाळलं जातं, पण खाली मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठण्याची ताकद स्नायूंना काम दिल्यानेच टिकते. रक्तातली साखर सर्वांत जास्त खपते तीही स्नायूंतच. मधुमेह घरोघरी आहे, म्हणून हे लक्षात ठेवा.

आता आठवडा मांडू. सोमवार, बुधवार, शुक्रवार ताकदीचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार भरभर चालण्याचे, ३० ते ४० मिनिटं. रविवार मोकळा. चालण्याचा वेग असा ठेवा की सोबत्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. सहा दिवस जमत नसतील तर दोन दिवस ताकदीचे ठेवा आणि त्याच दिवशी शेवटी २० मिनिटं चाला. आधी वजन, मग चाल. दमलेल्या अंगानं वजन उचललं की कंबर वाकडी होते आणि दुखापत तिथेच होते.

ताकदीसाठी जिम लागतेच असं नाही. पाच हालचाली पुरतात. खुर्चीवर टेकून उठायच्या बैठका. भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून जोर. जमू लागले की जमिनीवर. दप्तरात पुस्तकं भरून, कमरेतून वाकून, ते पोटाकडे ओढणं. पाठ सरळ ठेवून जमिनीवरची बादली उचलणं आणि ठेवणं. शेवटी दोन हातांत दोन बादल्या घेऊन अंगणात फेऱ्या. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, त्यामुळे वजन मोजायला काटा लागत नाही. पाणी कमी-जास्त केलं की झालं. पहिल्या चार हालचाली ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्यांत. अजून दोनदा जमलं असतं असं वाटत असतानाच थांबा. बारा वेळा सहज होऊ लागलं की थोडं वजन वाढवा. श्वास रोखून धरू नका, उचलताना सोडा. रक्तदाब असलेल्यांनी तर हे विसरूच नका. पहिल्या आठवड्यात मांड्या आखडतील, घाबरू नका. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर मात्र तो प्रकार थांबवा.

आपल्या उन्हाचाही विचार करा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा चाल सूर्य वर यायच्या आत आटोपा आणि वजनं संध्याकाळी कुलरसमोर उचला. उन्हाळ्यात आठवडा मोडला तर चालणं कमी करा, ताकदीचे दोन दिवस सोडू नका. खाण्यात महागडा डबा नको. तुरीचं घट्ट वरण, हरभऱ्याची उसळ, दही, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी, आणि ज्वारीची भाकर. फक्त वरणाच्या वाटीत पाणी कमी आणि डाळ जास्त घ्या.

छातीत दुखणं, चक्कर, जुनं हृदयाचं दुखणं, इन्सुलिन चालू असणं, असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि जी माणसं दिवसभर निंदण करतात, कापूस वेचतात, पोती वाहतात, त्यांना हा सल्ला मी देत नाही. त्यांना विश्रांतीची आणि पोटभर जेवणाची गरज जास्त. सांगतो आहे ते दुकानाच्या गल्ल्यावर, कार्यालयाच्या खुर्चीत, वर्गात नाही तर गाडीच्या स्टिअरिंगमागे दिवस काढणाऱ्यांना. घरकाम हाच व्यायाम समजणाऱ्या ताईंनाही सांगतो. घरकामानं तुम्ही थकता, पण ओझं वाढत नाही, म्हणून ताकदही वाढत नाही.

येत्या सोमवारी दोन बादल्या आणि एक खुर्ची घ्या, मंगळवारी चालायला निघा. पहिले आठ आठवडे आरशात बघू नका, वजनकाट्यावरही चढू नका. जिना चढताना दम किती लागतो आणि गव्हाचं पोतं किती सहज सरकतं, तेवढंच तपासा.