बेगमपुऱ्याचा आराखडा आपण कधी काढणार?

ठाण्यातून घोडबंदर रस्त्याने जा, नाहीतर कल्याण-शिळ रस्त्याने, एक आदर्श शहर वाटेत भेटतेच. ते होर्डिंगवर असते. त्यात तळे असते, सायकलवरची मुले असतात, बाल्कनीत हसणारे कुटुंब असते. झाडू मारणारे कोणी नसते आणि गटार तर नसतेच. मे 2019 मध्ये ठाण्याच्या ढोकाळी भागातील एका गृहसंकुलात सांडपाण्याच्या टाकीत सफाईसाठी उतरलेले तीन कामगार मृत्युमुखी पडले. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा 2013 मध्येच झाला होता. पण चित्र काढणाऱ्यांना टाकीत उतरणारा माणूस दिसतच नसेल, तर कायदा त्याच्यापर्यंत पोहोचणार कसा?

म्हणून आम्ही म्हणतो की उद्याच्या समाजाची गोष्ट रचणे हा रिकामा उद्योग नाही. ती गोष्ट कोणीतरी रचतच असते. आपण रचली नाही, तर बिल्डर रचतो.

आपल्या परंपरेने ती फार आधी रचली आहे. संत रविदासांनी 'बेगमपुरा' कल्पिला. तिथे दुःख नाही, कराची धास्ती नाही, कुठेही फिरायला मज्जाव नाही. चर्मकार कुटुंबातल्या माणसाला आपल्या काळाच्या शहरात काय काय सोसावे लागत होते, हे त्यातून उलट बाजूने कळते. बाबासाहेबांनी 1948 चा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. कासेगावात राहून चळवळीत काम केलेल्या गेल ऑम्व्हेट यांनी 2008 मध्ये 'सीकिंग बेगमपुरा' या पुस्तकात जातिविरोधी विचारवंतांच्या अशा स्वप्नांचा माग काढला. जोतीराव फुले यांच्या 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त तर एका घरात वेगवेगळे धर्म मानणारी माणसे गोडीने नांदताना कल्पिली आहेत.

पण नुसते स्वप्न टिकत नाही. रुकैया सखावत हुसेन यांनी 1905 मध्ये 'सुलतानाज ड्रीम' ही कथा लिहिली. तिच्यात राज्य बायका चालवतात आणि स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो. रुकैया कथेवर थांबल्या नाहीत. 1911 मध्ये त्यांनी कोलकात्यात मुलींची शाळा चालू केली.

उलटे उदाहरणही आहे. एडवर्ड बेलामी यांची 1888 ची 'लुकिंग बॅकवर्ड' ही कादंबरी वाचून एबेनेझर हॉवर्ड भारावले आणि त्यांनी इंग्लंडमध्ये 'गार्डन सिटी'ची योजना मांडली. 1903 मध्ये लेचवर्थ हे शहर वसू लागले. मूळ योजनेत जमीन सामाईक होती आणि तिचे भाडे शहराच्याच कामी यायचे होते. आजच्या जाहिरातींनी त्यातली बाग तेवढी उचलली. जमीन कोणाची, हा प्रश्न गाळला.

स्वप्न टिकते ते नियमामुळे. तथागतांच्या संघाकडे याच नजरेने पाहायला हवे. शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली या न्हाव्याला दीक्षा मिळाली, असे परंपरा सांगते. संघात ज्येष्ठता जन्मावर नव्हे, दीक्षेच्या क्रमावर होती, म्हणून राजपुत्रांना उपालींपुढे वाकावे लागले. पुढे पहिल्या संगीतीत विनयाचे पठण केले तेही उपालींनीच. समतेची कल्पना तिथे रोजच्या वागण्याचा नियम झाली.

आता आपल्याकडे पाहू. जयंतीला आपण महाड 1927 सांगतो, नागपूर 1956 सांगतो आणि ते सांगायलाच हवे. पण वीस वर्षांनी आपली वस्ती कशी असेल, असे विचारले की सभागृह गप्प होते. महापालिकेचा विकास आराखडा मात्र वीस वर्षांचाच असतो. ठाणे महापालिकेने ऑक्टोबर 2024 मध्ये सुधारित प्रारूप आराखडा जाहीर करून हरकती-सूचना मागवल्या. अशा नकाशावर कुठे रस्त्याची रेघ येते, कुठे आरक्षणाचा रंग. ती रेघ आपल्या घरावरून गेली हे बहुतेकांना नोटीस आल्यावर कळते, तोवर हरकतीची मुदत उलटलेली असते.

डोंबिवलीतील एका विहारात आम्ही मुलामुलींना 2046 मधला आपल्या वस्तीतला एक दिवस लिहायला सांगितले. बहुतेकांनी मेट्रो आणि टॉवर लिहिले. म्हणजे होर्डिंगच उतरवून काढले. एका मुलीने लिहिले की रात्री संडासला जाताना आईला सोबत न्यावे लागत नाही. मग आम्ही सर्वांना एकच प्रश्न विचारला: तुमच्या शहरात सफाई कोण करते? त्यानंतरचे लिखाण पार बदलले. कोणी यंत्रे लिहिली, कोणी पाळी लावली, कोणी कायम नोकरी आणि पगार लिहिला.

अभ्यासवर्गांपुढे आमचा प्रस्ताव साधा आहे. वर्षावासाच्या तीन महिन्यांत धम्मग्रंथाच्या वाचनासोबत बेगमपुरा आणि सत्यधर्म वाचा. पुढे आपल्या वस्तीची गोष्ट लिहा आणि ती बायकांना, सफाई कामगारांना, म्हाताऱ्यांना वाचून दाखवा. ते म्हणतील ते बदल करा. शेवटी तिच्यातली एकच गोष्ट निवडा, जसे संडासाच्या वाटेवरचे दिवे, आणि तिचे लेखी निवेदन प्रभाग कार्यालयात देऊन पोच घ्या. दर महिन्याला पाठपुरावा कोण करणार, त्याचे नाव विहाराच्या फळ्यावर लिहा.

दिवे लागले की पुढची गोष्ट निवडायची. आणि पुढचा प्रारूप आराखडा येईल तेव्हा आपला नकाशा तयार असायला हवा.