पाय विकत मिळत नाहीत!

पूर्वी माणूस धावत असे तेव्हा त्याच्या मागे वाघ तरी असे, नाहीतर सावकार तरी. हल्ली माणूस धावतो तेव्हा त्याच्या मागे कोणीच नसते. जे काही असते ते सगळे त्याच्या पायात असते.

माझ्या म्हणण्याची खात्री पटवून घ्यायची असेल तर एखाद्या रविवारी पहाटे नव्या मुंबईत यावे. वाशीपासून बेलापूरपर्यंत खाडीच्या कडेने जाणाऱ्या पाम बीच रस्त्यावर, नेरूळच्या ज्वेल उद्यानात किंवा पारसिकच्या टेकडीच्या चढावर घटकाभर उभे राहावे. बायका, पुरुष, पेन्शनर, नोकरदार, सारे धावत असतात. दृश्य मोठे देखणे असते. पण त्यांचा घोळका थांबला की कान देऊन ऐका. दम किती टिकला, पोटऱ्या किती भरल्या, ह्याची विचारपूस तिथे क्वचितच होते. ‘कुठले घेतलेस? कितीला पडले?’ असे संवाद चालू असतात. लग्नाच्या मांडवात शालूची चौकशी व्हावी, तशी इथे बुटांची चौकशी होते.

मी पेशाने मास्तर, हौसेने कादंबरीकार आणि चाळिशीत जडलेल्या व्यसनामुळे धावणारा. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही, म्हणून शास्त्राच्या गोष्टी मी जपून बोलतो. दुकानदाराच्या गोष्टी ओळखायला मात्र मॅट्रिक पुरते.

दुकानदाराची पहिली गोष्ट अशी, की जाड गादीच्या बुटाशिवाय धावलात तर गुडघे जातील. आता हा जाड टाचेचा बूट सर्वत्र पसरला तो १९७० नंतरच्या दशकात. त्याआधी माणसे काय रांगत होती? १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला मॅरेथॉन अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. चार वर्षांनी टोकियोत तोच गडी बूट घालून धावला आणि पुन्हा पहिला आला, तोही तीन मिनिटे आधी! एकच माणूस, पण बूटवाल्यांचाही साक्षीदार आणि अनवाणीवाल्यांचाही. त्याची खरी साक्ष एवढीच, की धाव बिकिलाच्या पायात होती. बुटात नव्हती आणि बुटाच्या अभावातही नव्हती.

इतके लांब तरी कशाला जायचे? १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर सर दोराबजी टाटांनी शर्यती पाहिल्या. धावणारी पोरे शेतकऱ्यांची, खडीच्या टणक रस्त्यावर अनवाणी धावणारी. शर्यतीचे नियम त्यांना ठाऊक नव्हते, पण पाय असे होते की टाटांना वाटले, ह्यांना ऑलिंपिकला पाठवले पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९२० साली, बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले बेल्जियममधल्या अँटवर्पला जाऊन मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला. त्या वर्षीचे अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षाही थोडे जास्तच होते. हे नाव आपल्यापैकी किती जणांच्या मुलांना ठाऊक आहे? बुटांच्या चार कंपन्यांची नावे मात्र ती झोपेतून उठवली तरी सांगतील.

आता दुकानदाराची दुसरी गोष्ट. ती पहिलीच्या अगदी उलट आहे, आणि गंमत अशी की तीही त्याच दुकानात मिळते. वीसेक वर्षांपूर्वी पातळ तळाच्या, हातमोज्यासारखी पाच बोटे असलेल्या पादत्राणांची टूम निघाली. २००९ साली अमेरिकेत एक पुस्तक गाजले. मेक्सिकोच्या डोंगरांतले रारामुरी लोक टायरच्या तळव्याच्या साध्या वहाणा घालून मैलोगणती कसे धावतात, ह्याची कहाणी त्यात होती. जगाने तोंडात बोट घातले. आमच्या घाटमाथ्यावरच्या माणसाने टायरच्या वहाणा घालून किती डोंगर तुडवले, ह्याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. ठेवील कशी? ती वहाण परदेशातून आलेली नव्हती. २०२५ साली इटलीतल्या एका बड्या पेढीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल मिरवली, तेव्हा कुठे आम्हाला कोल्हापुरीचा अभिमान आठवला!

पातळ तळाच्या मागे शास्त्रही उभे केले गेले. २०१० साली एक संशोधन प्रसिद्ध झाले. जन्मभर अनवाणी धावणारे लोक टाच न आपटता पायाच्या पुढच्या भागावर उतरतात आणि त्यामुळे त्यांना धक्का कमी बसतो, असे त्याचे सांगणे. २०१३ साली दुसरे संशोधन आले. उत्तर केनियातले अनवाणी वावरणारे लोक साध्या वेगाने धावताना बहुधा टाचेवरच उतरतात, असे त्यात दिसले. पाच बोटांची पादत्राणे विकणाऱ्या व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला होता. २०१४ साली कंपनीने साडेसदतीस लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि पुराव्याशिवाय आरोग्याचे दावे न करण्याचे कबूल केले. मग लंबक पुन्हा उलटा फिरला. २०१७ पासून कार्बनची पट्टी घातलेले जाडजूड बूट आले. ते इतके जाड होऊ लागले, की रस्त्यावरच्या शर्यतीत तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नसावा, असा नियम जागतिक संघटनेला २०२० साली करावा लागला. पातळ म्हणाल तर पैसे मोजा, जाड म्हणाल तर अधिक मोजा. मधल्या मधे तो सव्वीस हाडांचा बिचारा पाय विचारतो, ‘मला कोणी विचारणार आहे का?’

मी स्वतः पातळ तळ वापरतो. पहिल्या आठवड्यात रोज पाच मिनिटे, तीही मातीवर. दुसऱ्या आठवड्यात सात. पोटऱ्या दुखल्या की सुट्टी. अर्धा तास सलग धावायला चार महिने गेले. त्यातून एक गोष्ट कळली, की पाय हा विद्यार्थ्यासारखा आहे. त्याला हळूहळू शिकवावे लागते. शिकवणी लावून तो एका रात्रीत पास होत नाही. ज्याला मधुमेह आहे आणि ज्याच्या तळव्याची संवेदना कमी झाली आहे, त्याने ह्या भानगडीत पडू नये. रस्त्यावर काचा असतात, मे महिन्यात डांबर तापते, पावसाळ्यात चिखलात काय काय असते ते न सांगितलेलेच बरे. तेव्हा, वाचकहो, बूट फेकून द्या असा उपदेश मी करीत नाही. माझे भांडण बुटाशी नाहीच. बूट नाही म्हणून धावू नकोस, असे सांगणाऱ्या मनोवृत्तीशी आहे.

कारण अनवाणीपणातही दोन जाती आहेत. एक हौसेचे अनवाणीपण. त्याच्याकडे घरी बुटांचे चार जोड असतात. दुसरे गरिबीचे, त्याच्याकडे एकही नसतो. पहिल्याला आपण निसर्गाकडे परतणे म्हणतो, दुसऱ्याला गबाळेपणा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणी धावली ती तत्त्वज्ञान म्हणून नव्हे. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा आम्ही तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणून डोक्यावर घेतले. त्याआधी त्या पाड्याकडे कोणाचे लक्ष होते? २०१३ साली बारामतीच्या शर्यतीत साठी उलटलेल्या लता करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून त्या धावल्या होत्या. आम्ही डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले, तोही पाहिला. पण नवऱ्याच्या तपासणीसाठी ह्या वयाच्या बाईला शर्यत का जिंकावी लागावी, हा प्रश्न टाळ्यांच्या कडकडाटात कोणाला ऐकूच आला नाही. अनवाणी पायांचे कौतुक करून झाले, की त्या पायांपुरते आपले कर्तव्य संपते, अशी आपली सोयीस्कर समजूत आहे.

आणि कौतुक तरी कुठे नशिबी येते? एका शाळेच्या क्रीडादिनी मी पाहुणा म्हणून बसलो होतो. रिलेच्या शर्यतीत एका चमूची चौथी धावणारी मुलगी ऐनवेळी पांढरे कॅनव्हास काढून उभी राहिली. एका बुटाचा तळ उघडला होता. सरावात ती सगळ्यांच्या पुढे असे, हे तिच्या मैत्रिणी ओरडून सांगत होत्या. पण गणवेषाचा नियम म्हणजे नियम! तिला बाजूला काढले आणि बूटवाली दुसरी मुलगी उभी केली. चमू हरला ह्याचे मला दुःख नाही. त्या मुलीने ते बूट पाठीमागे लपवून धरले होते, ह्याचे आहे. मास्तर म्हणून मी सांगतो, मुलाला गणित नाही आले तरी ते पुढे शिकता येते. आपल्या गरिबीची लाज वाटायला एकदा शिकले, की तो धडा जन्मभर पुसत नाही.

आणि हा नियम आणला कुठून? जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमावलीत स्पष्ट म्हटले आहे, की स्पर्धकाने अनवाणी धावावे, एका पायात पादत्राण घालून धावावे अथवा दोन्ही पायांत घालून धावावे. ऑलिंपिकला जे चालते ते आमच्या क्रीडादिनाला चालत नाही!

ती शर्यत रिलेची होती म्हणून मला अधिक लागले. कारण ज्या शर्यतीत एकट्याचे काही नसते, अशी धावण्यातली हीच एक शर्यत. हल्लीच्या मॅरेथॉनीत प्रत्येकाचा क्रमांक वेगळा, घड्याळ वेगळे, पदक वेगळे आणि फोटोही वेगळा. रिलेत तुम्ही कितीही उडालात तरी हातातली दांडी पुढच्याच्या हाती नीट पडली नाही तर सारे मुसळ केरात. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये जपानच्या चौघांनी चार गुणिले शंभर मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. त्यांतल्या एकाचीही शंभर मीटरची अधिकृत वेळ तोवर दहा सेकंदांच्या आत नव्हती. ते जिंकले दांडी देण्याघेण्याच्या कसबावर. ह्याच जपानात १९१७ पासून ‘एकिदेन’ नावाच्या लांब पल्ल्याच्या टप्प्याटप्प्यांच्या शर्यती होतात. तिथे दांडीऐवजी खांद्यावरचा पट्टा एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायचा असतो, आणि तो पट्टा वेळेत पोहोचवता आला नाही म्हणून तरणीबांड पोरे रस्त्यावर ढसाढसा रडतात.

आपल्याकडे असे काही नाही म्हणता? तुमच्या डोळ्यांसमोरून दरवर्षी जाते. नवरात्राच्या तोंडावर तुळजापूरहून, वणीच्या गडावरून, कोल्हापूरहून ज्योत घेऊन गावोगावची पोरे धावत निघतात. शिवजयंतीला गडावरून शिवज्योत निघते. पुष्कळ जण अनवाणीच असतात. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या पोरांबरोबर मी एकदा शिवनेरीहून निघालो. माळशेज घाट रात्रीत उतरलो. मागे टेंपो, टेंपोत तेलाचा डबा आणि पेंगुळलेली पोरे. हाक आली की उडी मारायची, मशाल घ्यायची, दम असेल तितके धावायचे आणि पुढच्याच्या हाती द्यायची. दिवसा बाजारात पोती वाहणारे खांदे ते. कोणाचा वेग किती, कोणी मोजला नाही. मशाल खाली टेकू द्यायची नाही, एवढा एकच नियम. सकाळी ती कल्याण ओलांडून वसाहतीत पोहोचली, तेव्हा शेवटच्या माणसाला कोणी खांद्यावर घेतले नाही, कारण शेवटचा माणूस जिंकला असे कोणाच्या मनातही आले नाही. ह्या पोरांना मात्र धावपटू म्हणायला कोणी तयार नसते. त्यांची नोंदणी फी भरलेली नसते ना!

‘मास्तर, हे सगळे ठीक, पण आजच्या शहरात मूल अनवाणी धावणार कुठे?’ असे कोणी विचारील, आणि हा आक्षेप खरा आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. ज्या बांधांवरून आगरी-कोळ्यांची पोरे पळत, तिथे आज इमारती आहेत. आराखड्यात मैदाने आखलेली आहेत. पण कुठे लग्नाचा मांडव, कुठे प्रदर्शन, कुठे कुलूप. शाळांच्या अंगणात मातीने कपडे मळतात म्हणून सिमेंटच्या लाद्या बसवल्या जातात. मूल पडले की गुडघा फुटतो, मग पालक म्हणतात, धावू नकोस. वीस हजारांच्या बुटाने ह्या लादीवर उपाय होत नाही. उपाय एकच : माती परत द्या. बूट हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मैदान हा सगळ्यांचा आहे. पण आपण वेळ घालवतो बुटावर, कारण तो विकत मिळतो. मैदानासाठी मात्र भांडावे लागते.

म्हणून ह्या दिवाळीत माझी मागणी साधी आहे. कोणत्याही शाळेने बुटावाचून कोणत्याही मुलाला शर्यतीतून काढू नये. ज्याला बूट हवेत आणि परवडत नाहीत, त्याला गाजावाजा न करता द्यावेत. प्रत्येक क्रीडादिनी एक रिले अशी असावी, की जिच्यात वर्गातले एकूण एक मूल धावेल; लठ्ठ, लुकडे, लंगडणारे, सगळे. आणि शाळेचे मैदान संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना उघडे असावे.

तोवर घरच्या घरी करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. मुलांनी अंगणात मातीचा किल्ला केला असेल, त्यांचे पाय आधीच मळलेले आहेत. भाऊबीजेच्या सकाळी घरातली आणि शेजारची चार-आठ माणसे घेऊन जवळच्या मैदानावर जा. दांडी म्हणून करंज्यांचे काम संपलेले लाटणे न्या. आजोबांनी दहा पावले चालून ते सुनेच्या हाती द्यावे, सुनेने नातवाच्या, नातवाने कामवाल्या मावशींच्या मुलीच्या. ज्याला बूट घालायचे त्याने घालावेत, ज्याला नको त्याने काढावेत. लाटणे मात्र खाली पडता कामा नये.