साखळी तुटली म्हणून अभ्यास तुटत नाही



एप्रिलमध्ये माझी 61 दिवसांची साखळी तुटली. मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये रोज स्पॅनिशचा एक धडा केला की आकडा एकने वाढतो. एक दिवस चुकला की थेट शून्य. जयंतीची तयारी चालू होती. वर्गणी, मंडप, परवानगीचे कागद, मिरवणुकीचा मार्ग, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बैठका. चार दिवस अ‍ॅप उघडायला झालं नाही. पाचव्या दिवशी उघडलं तर शून्य.

इथपर्यंत ठीक होतं. चार दिवस जयंतीला गेले, त्याचं दुःख नाही. पण त्यानंतर तीन आठवडे मी वहीला हात लावला नाही. काम होतं म्हणून नव्हे, तर लाज वाटत होती म्हणून. ‘आपल्याकडून होणारच नव्हतं’ हे वाक्य डोक्यात बसलं होतं. हा लेख त्या तीन आठवड्यांबद्दल आहे. कारण हे वाक्य माझ्या एकट्याच्या डोक्यात नाही. जळगाव-धुळ्यातल्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या, मध्येच बसणं बंद केलेल्या आपल्या शेकडो पोरापोरींच्या डोक्यात ते आहे.

स्पॅनिश कशाला?

मी जळगावात नोकरी करतो, घर धुळे तालुक्यात. शनिवारी संध्याकाळी एसटीने पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जायचं आणि सोमवारी पहाटे परत यायचं. या प्रवासात वही उघडून बसलो की शेजारचा विचारतोच, “कशाचा अभ्यास? एमपीएससी का?” स्पॅनिश म्हटलं की तो माझ्याकडे जरा काळजीने बघतो. चळवळीतले मित्र तर स्पष्टच बोलतात, “इंग्रजीच धड येत नाही आपल्याला, आणि हा चालला स्पेनला!”

प्रश्न रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे आणि जवळपास 50 कोटी लोकांची मातृभाषा आहे. भाषांतर, पर्यटन, कंपन्यांची परदेशी कामं यांत तिला मागणी आहे. पोटाचा प्रश्न मी हलका मानत नाही. पण माझं खरं कारण वेगळं आहे.

ज्या शब्दाने जग आपल्याला ओळखतं तो ‘कास्ट’ हा इंग्रजी शब्द मूळचा पोर्तुगीज-स्पॅनिश ‘कास्ता’. कास्ता म्हणजे वंश, कूळ. पोर्तुगीजांनी तो आपल्या समाजव्यवस्थेला लावला. तिकडे अमेरिका खंडात स्पॅनिश सत्तेने मिश्र रक्ताच्या माणसांची वर्गवारी करायला हाच शब्द वापरला. आईबाप कोण, यावरून लेकराचं नाव आणि पायरी ठरवणारी चित्रंच्या चित्रं 18व्या शतकात मेक्सिकोत रंगवली गेली. ही गोष्ट आपण त्या लोकांच्या तोंडून ऐकायला नको का?

ग्वाटेमालाच्या रिगोबेर्ता मेंचू माया-किचे समाजातल्या. मळ्यांवर मजुरी करणाऱ्या कुटुंबात वाढल्या आणि पुढे स्पॅनिश शिकल्या. कारण त्यांच्या लोकांवर होणारा जुलूम सांगायचा तर तो सत्तेच्या भाषेत सांगावा लागणार होता. 1992 मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. कोलंबियात फ्रान्सिया मार्केस या कृष्णवर्णीय बाई, कधीकाळी घरकाम केलेल्या, 2022 मध्ये उपराष्ट्रपती झाल्या. त्यांची भाषणं स्पॅनिशमध्ये आहेत. ‘स्पॅनिश ही साम्राज्याची भाषा आहे’ असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे. इंग्रजीही साम्राज्याचीच होती. बाबासाहेबांनी ती हत्यार म्हणून वापरली.

1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. संयुक्त राष्ट्रांपुढे निग्रो समाजाने मांडलेल्या निवेदनाबद्दल त्यांना जाणून घ्यायचं होतं. 1972 मध्ये आपल्या तरुणांनी दलित पँथरचं नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. आपली चळवळ जगाशी बोलतच आली आहे. पण हे बोलणं इंग्रजीपाशी थांबलं. इंग्रजीच्या पलीकडे जे शोषित आहेत, त्यांचं आपण दुसऱ्याच्या भाषांतरातून वाचतो किंवा वाचतच नाही.

‘माले’ म्हणणाऱ्याला सोपं जातं

आता एक गंमत सांगतो. इंग्रजी शिकताना मला जे अवघड गेलं, ते स्पॅनिशमध्ये घरचं निघालं. इंग्रजीत माणूस चहा ‘आवडवतो’, तो कर्ता असतो. आपल्याकडे ‘मला चहा आवडतो’, अहिराणीत ‘माले चहा आवडस’. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल ते’. बांधणी तीच: मला, आवडतो, चहा. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे या एका वाक्यावर आठवडे घालवतात. माझ्या आईला सांगितलं असतं तर तिला पाच मिनिटं पुरली असती.

आब्लो म्हणजे मी बोलतो, आब्लास म्हणजे तू बोलतोस, आब्लामोस म्हणजे आम्ही बोलतो. क्रियापदाचं शेपूट बघितलं की कर्ता कळतो, वेगळा सांगावा लागत नाही. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं, आपल्या काळा-काळीसारखं. त आणि द आपल्यासारखे दातांवरचे. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेला ‘पगार’ स्पॅनिशमध्ये ‘पैसे देणे’ म्हणून जसाच्या तसा भेटतो. आणि ‘तू’ म्हणजे चक्क ‘तू’! परक्याला, मोठ्याला ‘उस्तेद’. हा भेद शिकवावा लागतो तो इंग्रजांना. आपल्या बापजाद्यांना गावात कोणी ‘तू’ म्हणायचं आणि त्यांनी कोणाला ‘तुम्ही’ म्हणायचं, हे आपल्याला व्याकरणाच्या पुस्तकाआधी माहीत होतं.

हे का सांगतोय? शाळेत अहिराणी बोललो की वर्ग हसायचा. ‘शुद्ध बोल’ म्हणून ऐकून घ्यावं लागायचं. त्यामुळे भाषा हा आपला प्रांत नाही, ही गाठ लहानपणीच बसली. खान्देशातलं पोर घरी अहिराणी, तावडी, भिली, पावरी किंवा बंजारा बोलतं, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. तीन भाषा येणाऱ्या लेकराला आपण ‘भाषेत कच्चा’ म्हणतो. एवढी भाषिक श्रीमंती असून पोरगं स्वतःला भिकारी समजतं, हे कोणाच्या सोयीचं आहे?

तुटलेला अभ्यास जोडणारा माणूस

आता मुख्य मुद्दा. बाबासाहेबांच्या अभ्यासाबद्दल आपण जयंतीला जे बोलतो, त्यात ते अखंड, न थांबता, अठरा-अठरा तास वाचत आहेत असं चित्र असतं. चित्र खोटं नाही, पण अर्धं आहे. त्या चित्राने आपल्याला प्रेरणा मिळते, आणि स्वतःचा अभ्यास तुटला की तेच चित्र आपल्याला खाऊ लागतं. ‘ते कुठे, आपण कुठे!’

जरा तारखा बघा. 1913 ते 1916 कोलंबिया. मग लंडन. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली, शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. पुस्तकं ज्या जहाजातून येत होती ते जहाज युद्धात बुडालं. बडोद्यात नोकरी मिळाली, पण राहायला जागा मिळाली नाही. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे जमवले, आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन. मध्ये तीन वर्षांची खिंड! 1921 मध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव घातलं, ते शिक्षणही पुरं करता आलं नाही. डी.एस्सी.चा प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागला, 1923 मध्ये पदवी मिळाली.

भाषांचंही तसंच. शाळेत संस्कृत घ्यायची होती, अस्पृश्य म्हणून मिळाली नाही, पर्शियन घ्यावी लागली. संस्कृत पुढे स्वतः शिकले आणि त्या ग्रंथांची चिरफाड केली. जर्मन इतकी शिकले की बॉन विद्यापीठाला अर्ज जर्मनमध्ये लिहिला. उतारवयात, दुखण्याने शरीर पोखरलेलं असताना, पालीचं व्याकरण आणि शब्दकोश यांवर काम केलं. ते त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात आहे, बघून घ्या.

या माणसाच्या अभ्यासाची साखळी कितीदा तुटली! आजच्या अ‍ॅपने त्यांना कितीदा शून्यावर आणलं असतं! त्यांचं मोठेपण साखळी न तुटण्यात शोधू नका. तुटल्यावर ते पुन्हा जिथे सोडलं तिथेच येऊन बसले, त्यात ते आहे. तीन आठवड्यांनी वही उघडताना मला लाज वाटत होती, त्यांनी तीन वर्षांनी उघडली.

“म्हणजे दोष आमचाच?”

इथे एक आक्षेप येईल आणि तो आलाच पाहिजे. “शिस्त, दिनचर्या, रोजचा अभ्यास हे बोलणं म्हणजे व्यवस्थेला मोकळं सोडणं. ज्याच्या घरात टेबल नाही, त्याला टाइमटेबल काय सांगता?”

मान्य. स्व-अभ्यास हा हक्काला पर्याय नाही. बाबासाहेब रॉकेलच्या दिव्यावर शिकले म्हणून त्यांनी लोकांना ‘दिव्यावरच शिका’ असं सांगितलं नाही. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज, 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद. वसतिगृहांसाठी, शिष्यवृत्त्यांसाठी भांडले. स्पॅनिश नीट शिकायची तर दिल्लीला जेएनयू, हैदराबादला इफ्लू, नाहीतर पुणे-मुंबईचे क्लास. खान्देशच्या पोराने काय करायचं? बहिणाबाईंचं नाव घेतलेल्या आपल्या विद्यापीठात परदेशी भाषांचं सकस, परवडणारं शिक्षण मिळावं ही मागणी आपण करायलाच हवी.

पण मागणी मान्य होईपर्यंत वही बंद ठेवायची का? ‘स्वाध्याय’ हा शब्द मुळात ज्यांना वेदाचा अधिकार होता त्यांच्यासाठीच होता. आपल्या पूर्वजांनी स्वतःहून अक्षर शिकणं हाच गुन्हा होता. त्यामुळे आपल्यासाठी स्व-अभ्यास ही करिअर सुधारायची सवय एवढीच गोष्ट नाही. मोर्चाइतकीच ती चळवळीची कृती आहे. आणि खरं सांगू का? आपण मोर्चाला जितके वेळेवर जातो तितके वहीपाशी जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री बारापर्यंत वाद घालतो, ज्या पुस्तकावरून वाद चालू आहे ते उघडलेलं नसतं. तीन शब्दांच्या आपल्या घोषणेत ‘शिका’ पहिलं आहे, हे घोषणा देताना विसरायला होतं.

क्युबाने 1961 मध्ये लाखभर स्वयंसेवक, त्यातही बहुतेक शाळकरी पोरंपोरी, खेड्यापाड्यांत पाठवले. दिवसा शेतात काम, रात्री कंदिलाच्या उजेडात शिकवणं. वर्षभरात सात लाख प्रौढ लिहायला-वाचायला शिकले. तिथे सरकार पाठीशी होतं हे खरं. पण कंदिलापाशी रोज रात्री बसायचं काम माणसांनीच केलं.

माझी सध्याची पद्धत

उपदेश नको, जे टिकलं ते सांगतो. रोज पंचवीस मिनिटं, ड्यूटीला निघण्याआधी. अ‍ॅप नंतर, आधी शंभर पानी वही. नवे शब्द फक्त पाच, पण प्रत्येकाचं वाक्य स्वतःच्या जगण्यातलं: डाळमिल, एसटी, ऊन, पगार. मोठ्याने वाचणं. रविवारी नवं काही नाही, फक्त मागचं. धुळ्यातला एक मित्र सोबत शिकतो, आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं फोनवर मोडकंतोडकं बोलतो. आणि एक नियम: दिवस चुकला तर भरपाई करायची नाही. दुसऱ्या दिवशी मागचं पान वाचायचं आणि पुढे जायचं. वहीत मी आता चुकलेले दिवस मोजत नाही, परत बसलो ते दिवस मोजतो.

आणखी एक गोष्ट, पुरुष कार्यकर्त्यांसाठी. माझ्या पहाटेच्या पंचवीस मिनिटांत चहा कोण करतं, पाणी कोण भरतं? बाबासाहेब लंडनला शिकत होते तेव्हा रमाईने मुंबईत काय सोसलं, ते आपण गाण्यांतून ऐकतो आणि डोळे पुसतो. पण घरात बहिणीने पुस्तक उघडलं की तिलाच हाक मारतो. आता आठवड्याचे तीन दिवस सकाळची भांडी मी घासतो आणि ती तिची पंचवीस मिनिटं बसते. ती इंग्रजी करते आहे. माझ्यापेक्षा तिचे खाडे कमी आहेत.

31 जुलै 1937 रोजी बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. दरवर्षी 31 जुलैला आपण खान्देशभरातून तिथे जमतो. यंदा माझी एक विनंती आहे. दर्शन घ्या, गाणी ऐका, पण सोबत एक वही घेऊन या. अर्धवट राहिलेली, मधली पानं कोरी असलेली चालेल. तिथे झाडाखाली अर्धा तास बसू. कोणी स्पॅनिश, कोणी इंग्रजी, कोणी पाली, कोणी गणित. आणि गावी परतल्यावर आपल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास सतरंजी गुंडाळायची नाही, त्यावर वह्या उघडायच्या.

ज्याचा अभ्यास तुटला आहे त्याला आधी बोलवा.

जय भीम!