रक्ताची साक्ष

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करून रामदासपेठेतील इस्पितळांतून बाहेर पडणाऱ्या वैदर्भीय रुग्णास एकच चिंता ग्रासते: रोग गेला, की अन्यत्र दडून बसला? १९६५ साली माँट्रियल येथे गोल्ड व फ्रीडमन यांनी शोधलेल्या सीईए या द्रव्याच्या मोजणीने त्याचे उत्तर अंशतःच मिळते. आता अर्बुदातून रक्तात आलेले डीएनएचे सूक्ष्म तुकडे हुडकता येतात. लसिकाग्रंथींपर्यंत रोग न पोहोचलेल्या ४५५ रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. रक्ताची साक्ष काढून औषधयोजना केली, तेव्हा केमोथेरपी घेणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून १५ वर आले. दोन वर्षे रोग न उलटलेल्यांच्या प्रमाणात मात्र उणीव आली नाही.

ही चाचणी म्हणजे देववाणी नव्हे. रक्त स्वच्छ निघूनही रोग उलटल्याची उदाहरणे आहेत, आणि खूण सापडली म्हणजे औषध हटकून लागू पडेल असेही नाही. तिला भविष्यकथन म्हणून विकू पाहणाऱ्यांपासून रुग्णांनी सावध राहावे.

परंतु खरी अडचण पैशाची आहे. अनावश्यक केमोथेरपीने ज्याची मजुरी बुडते व शेत गहाण पडते, त्यालाच ही महागडी चाचणी परवडत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शासन केमोथेरपीचा खर्च सोसतेच. मग ती कोणास नको हे सांगू शकणाऱ्या चाचणीचा हिशेब त्याने का मांडू नये? १९४७ पासून गोरगरिबांचा आधार असलेल्या आपल्या ‘मेडिकल’मध्ये, प्रथम याच टप्प्यातील रुग्णांसाठी, शासनाने ती विनामूल्य सुरू करावी, अशी आमची मागणी आहे.