घर, वही आणि वाचक

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखितांसाठी त्या भागात जाणारे अभ्यासक सुमारे 40 किलोमीटरवरील कुंभकोणमला बहुधा देवळांपुरतेच थांबतात. तेथील सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर एक लहानसे कौलारू घर आहे. गणिती श्रीनिवास रामानुजन (1887–1920) यांचे बालपण त्यात गेले. 2003 साली ‘शास्त्र’ विद्यापीठाने हे घर विकत घेऊन त्याची डागडुजी केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते ते स्मारक म्हणून राष्ट्राला अर्पण झाले. हे गणिताचे स्मारक असले, तरी त्यातून उभा राहणारा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांचाही आहे.

घरात पाहण्याजोगे फारसे काही नाही. बाहेरचा ओटा, खिडकीजवळची खाट, मागची विहीर, एवढाच पसारा. ज्या वह्यांमुळे या घराला अर्थ आला, त्या मद्रास विद्यापीठाकडे गेल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1957 मध्ये त्यांची छायाप्रत दोन खंडांत काढली. आणि 1976 मध्ये जॉर्ज अँड्रूज यांना शंभरावर पृष्ठांचे उरलेले बाड केंब्रिजला सापडले. तात्पर्य, घर एकीकडे आणि लेखन दुसरीकडे, अशी ही फारकत आहे. अशा स्थितीत वास्तू राखण्याचा खर्च कशासाठी करावा, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो अगदीच गैरलागू ठरणार नाही.

त्याचे उत्तर कुंभकोणमनेच दिले आहे. ‘शास्त्र’ने 2005 पासून 32 वर्षांपर्यंतच्या गणितज्ञांसाठी दरवर्षी पारितोषिक सुरू केले. रामानुजनांना आयुष्य तेवढेच लाभले होते. घर सांभाळणारी संस्था स्वतः अध्यापन करणारी असल्यामुळे स्मृतीला नव्या कामाची जोड मिळाली. पुतळ्याला वर्षातून एकदा हार घालणाऱ्या समितीकडून हे होणे कठीण.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारे उदाहरण मालगुंडचे. कोकण मराठी साहित्य परिषदेने केशवसुतांच्या जन्मघराचे स्मारक 1994 मध्ये उभे केले आणि घराशेजारी कवितेलाही जागा दिली. ही दृष्टी मोलाची होय. मात्र बहुतेक लेखकांची घरे वारसांच्या वाटण्यांत किंवा नव्या इमारतींच्या पायात नाहीशी होतात, आणि त्यांबरोबर माळ्यावरची पत्रे व टिपणेही जातात. घर पडल्यावर हळहळणारे पुष्कळ असतात. घर उभे असताना त्यातील कागदांची सूची करणारे विरळा.

म्हणून भाषा-विभागांनी वास्तुरक्षण हे पुरातत्त्वखात्याचे काम मानून स्वस्थ बसू नये. प्रत्येक लेखकगृहाला जवळच्या महाविद्यालयाशी जोडावे, तेथे हस्तलिखितांच्या वाचनीय प्रती ठेवाव्यात, आणि त्या वाचून समजावणारा विद्यार्थी नेमावा. सरस्वती महालातील मोडी कागदांनाही आज भिंतींपेक्षा वाचकांची उणीव अधिक भासते. भिंती राखणे ही पहिली पायरी. त्या भिंतींआड जे लिहिले गेले ते वाचणारा माणूस नसेल, तर राखलेले घर रिकामेच म्हणावे लागेल.