पंचनामा घराचा की कागदाचा?

नाशिकमध्ये गोदावरीचा पूर मोजायची एक जुनी पट्टी आहे. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९, दर वेळी अख्खं शहर मारुतीकडे बघत बसलं आणि वर्तमानपत्रांनी त्याचेच फोटो छापले. त्याच वेळी नासर्डीच्या आणि गोदेच्या काठच्या वस्त्यांमध्ये पाणी चुलीपर्यंत आलं की फळीवरच्या डब्यांपर्यंत, हे मोजायला कुणाकडे पट्टी नव्हती. तिथली पट्टी म्हणजे पंचनामा. पूर ओसरल्यावर दोन-तीन दिवसांनी कर्मचारी येतो, दारातून डोकावतो, काहीतरी लिहितो आणि सही किंवा अंगठा घेऊन जातो. त्याने काय लिहिलं हे घरातल्या बाईला कुणी वाचून दाखवत नाही.

मित्रांनो, या एका कागदावर आपल्या चळवळीने फार कमी बोलणं केलं आहे. पुतळ्यावर आपण बोलतो, नामांतरावर बोललो, आरक्षणावर रोज बोलतो. पंचनामा मात्र आपण तलाठ्यावर सोडून दिला.

सरकारी दर आधी बघू. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे निकष सांगतात: सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये. पक्क्या घराचं अंशतः नुकसान झालं तर ६,५०० आणि कच्च्याचं झालं तर ४,०००, तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तरच. झोपडीला ८,०००. आता या आकड्यांखालची टीप वाचा. नुकसान झालेलं घर अधिकृत बांधकाम असलं पाहिजे आणि राज्य सरकारच्या सक्षम प्राधिकाऱ्याने तसं प्रमाणित केलेलं असलं पाहिजे. म्हणजे पुराने काय नेलं हा प्रश्न नंतरचा. आधी सांगा, तुमचं जे वाहून गेलं ते कायद्याने होतं का?

आणि १५ टक्के कोण ठरवणार? ज्याच्या हातात नोंदवही आहे तो बहुतेक वेळा बांधकामातला जाणकार नसतो. मातीत बांधलेली भिंत पुराच्या दिवशी उभीच दिसते. पाणी उतरतं, ऊन पडतं, भिंत वाळू लागते, तेव्हा तडा जातो आणि आठ-दहा दिवसांनी रात्री ती अंगावर येते. तोवर पंचनामा होऊन गेलेला असतो. कागदावर घर ‘अंशतः बाधित’, कुटुंब समाजमंदिरात.

आता त्याच शहरातलं दुसरं घर बघा. फ्लॅट आहे, त्यावर गृहकर्ज आहे. कर्ज देताना बँकेने प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, वकिलाचा सर्च रिपोर्ट घेतला आणि आपला मूल्यांकनकार पाठवून घराची किंमत काढली. घराचा विमा असेल तर पुरानंतर परवानाधारक सर्व्हेअर येतो. विमा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांत त्याची नेमणूक ७२ तासांत करायची मुदत होती. कारण उघड आहे. त्या घरात बँकेचा पैसा अडकलेला आहे. पैसा अडकला की तपासणीला मुदत येते, नमुना येतो, अहवालाची प्रत मिळते. झोपडीत फक्त माणसं अडकलेली असतात.

आपल्यातली शिकलेली, नोकरदार पिढी आता कर्ज काढून फ्लॅट घेते आहे, याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्यांनीही निर्धास्त राहू नये. कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा अनेकदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नसतो. आजच पॉलिसी काढून बघा. घराचा असेल तर त्यात बँकेचं कलम असतं, म्हणजे भरपाईवर पहिला हक्क बँकेचा. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ठेवावी लागली, तिच्यात पूर येतो. आपल्या किती घरांत ती आहे? आणि पूर आला म्हणून हप्ता आपोआप थांबत नाही. रिझर्व्ह बँकेने नैसर्गिक आपत्तीतल्या कर्जदारांसाठी २०१८ मध्ये सविस्तर निर्देश काढले, त्यांचा भर शेतीकर्जावर. ज्याला कुणी कर्जच दिलं नाही, त्याला सवलत तरी कशात देणार?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी एखाद्या भागात मोठी आपत्ती जाहीर केली की तिथे सरकारी विम्याचं गृहकर्ज पक्कं करण्याआधी घराची नव्याने तपासणी करावी लागते. ऐकायला छान वाटतं. पण त्याच देशात १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी शहरांचे नकाशे रंगवले गेले आणि काळ्यांच्या वस्त्यांवर लाल रंग आला. लाल म्हणजे धोक्याचं, कर्ज देऊ नका. पुढे २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं. घर बांधायची मदत ठरवताना दोन आकडे धरले गेले, वादळाआधीची घराची बाजारकिंमत आणि दुरुस्तीचा खर्च, आणि त्यातला कमी आकडा हिशेबाला घेतला. काळ्यांच्या वस्तीत बाजारकिंमत आधीच पाडलेली. वीट तीच, सिमेंट तेच, मजुरी तीच, पण मदत कमी. लोक कोर्टात गेले, २०११ मध्ये तडजोड झाली. तपासणीत कुणी शिवी दिली नव्हती, फॉर्म अगदी सभ्य होता.

आमच्याकडेही लाल रेषा आहे, निळीही आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम बंद. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच घ्या आणि बांधा. ज्याच्याकडे जोतं उचलायला पैसा आहे त्याला रस्ता आहे. वस्तीतल्या माणसाला त्याच रेषेवरून पुरानंतर दोनच गोष्टी मिळतात, पंचनाम्यात ‘अनधिकृत’ हा शेरा, नाहीतर जागा खाली करण्याची नोटीस.

यावर ठरलेला प्रश्न येतोच: नदीपात्रात घर बांधायला सांगितलं कुणी? आम्ही उलट विचारतो, दुसरीकडे जागा दिली कुणी? गावकुसाबाहेर, पाणी तुंबेल तिथे आमचे वाडे कुणी बसवले? याच शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो वर्षानुवर्षे चालला आणि दार उघडलं नाही. त्या लढ्यातले नाशिक जिल्ह्याचे दादासाहेब गायकवाड पुढे भूमिहीनांच्या सत्याग्रहाकडे वळले, १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये. हक्क जमिनीवर उभा राहतो हे त्यांना पुरतं कळलं होतं. आणि झोपडीचा हक्क कशावर उभा आहे? १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहतो या पुराव्यावर. तो पुरावा ट्रंकेत असतो. पुरात आधी ट्रंकच भिजते.

पुराच्या जागी माणसं राहावीत असं आम्ही म्हणत नाही. त्यांना उंचावर, शहरात, कामाच्या जवळ हक्काचं घर द्या, ती स्वतःहून उठतील. पण पुनर्वसनाचा वाद पंचनाम्यात घुसवू नका. भांडी, धान्य, शिलाई मशीन, पोरांची वह्या-पुस्तकं ही अनधिकृत नसतात. नुकसान आधी लिहा. मालकीचा प्रश्न वेगळ्या कागदावर, वेगळ्या दिवशी. आणि भिंती वाळल्यावर पंधरा दिवसांनी दुसरी पाहणी करा, बांधकामातल्या माणसाला सोबत घेऊन.

सरकार हे आपणहून करणार नाही. आपल्या वस्त्यांत आज स्थापत्याचा डिप्लोमा केलेली, बी.ई. झालेली पोरं-पोरी आहेत. त्यांनी येत्या पावसाळ्याआधी घरोघर जाऊन भिंतींची मापं घ्यावीत, फोटो काढावेत, घरटी कागदांच्या प्रती फोनमध्ये साठवाव्यात. पूर ओसरला की भिंतीवरची पाण्याची खूण पुसण्याआधी टेप लावून तिचा फोटो घ्यावा. तलाठी आला की सोबत उभं राहावं, लिहिलेलं मोठ्याने वाचायला लावावं, चूक असेल तर सहीआधी हरकत लिहून घ्यावी आणि प्रत मागावी. दिली नाही तर त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सिंहस्थ तोंडावर आहे, काठ सुशोभित करायला पैसा येतो आहे. त्या आराखड्यात आपल्या वस्तीच्या जागी काय दाखवलं आहे, तेही याच अर्जात विचारा.

जय भीम!